भिंत दिसू न देणारी चित्रं

लंडनच्या क्यू बागेत, पूर्वेकडच्या रस्त्याच्या कडेला लाल विटांची एक इमारत आहे. भोवती व्हरांडा असल्यामुळे एखाद्या जिल्ह्याच्या जुन्या कलेक्टर बंगल्यासारखी ती दिसते. आत गेलं की आधी चित्र दिसत नाही, गर्दी दिसते. फ्रेमला फ्रेम खेटून, कंबरेच्या उंचीपासून थेट उंच खिडक्यांपर्यंत ८३२ तैलचित्रं लावली आहेत. दोन चित्रांमध्ये बोट घालायला जागा नाही, भिंतीचा रंग कोणता ते कळायची सोय नाही. ब्राझील, जमैका, बोर्निओ, भारत, चिली अशी देशवार वाटणी केलेली आहे. सगळी चित्रं एकाच बाईंची आहेत : मेरियन नॉर्थ, जन्म १८३०, मृत्यू १८९०.

प्रत्येक चित्रापुढे फक्त एक मिनिट थांबायचं ठरवलं, तरी १३ तास ५२ मिनिटं लागतील. जेवण, चहा, पाय मोकळे करणं यातलं काहीच धरलेलं नाही. बाग सकाळी दहाला उघडते आणि संध्याकाळी बंद होते, म्हणजे एका दिवसात हे होणार नाही. चित्रांचे आकार वेगवेगळे आहेत, पण सरासरी दीड चौरस फूट धरली तर नुसत्या रंगवलेल्या कागदाचं क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस फुटांच्या घरात जातं. पुण्यातल्या ऐसपैस टू बीएचकेची फरशी एकाच माणसाच्या ब्रशने झाकावी, तेवढं.

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. वनस्पतिचित्रांचा इतिहास लिहिणाऱ्या विल्फ्रिड ब्लंट यांना ही गॅलरी पोस्टाच्या तिकिटांच्या अवाढव्य अल्बमसारखी वाटली. आपल्याकडचा एखादा चित्रकार ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणाला असता. एकेक चित्र सुटं काढून पाहिलं, तर त्यात तथ्यही आहे. नॉर्थबाईंचा रंग कधी कधी कच्चा राहतो, मांडणी कोंदट होते, आणि पानाची तकाकी दाखवायची एकच युक्ती त्या पुन्हा पुन्हा वापरतात. वनस्पतिचित्रणाचा रूढ कायदाही त्यांनी पाळला नाही. त्या कायद्यात पांढऱ्या कागदावर एकच फांदी येते. शेजारी फुलाचा छेद, पुंकेसर, बी असं सगळं मापाने मांडलेलं असतं आणि पार्श्वभूमी नसते. नॉर्थबाई मात्र झाड जिथे उभं आहे तिथे जाऊन बसत आणि मागचा डोंगर, खालची नदी, फांदीवरचा किडा आणि फुलाशी आलेला पक्षी यांच्यासकट ते रंगवत. त्यामुळे त्यांची चित्रं सुटी पाहण्यासाठी नाहीतच, असं माझं मत आहे. जंगल हीच मुळात संख्येची गोष्ट आहे. एका झाडाला कोणी जंगल म्हणत नाही. ८३२ हा आकडा या कामाची लांबीरुंदी नुसती सांगत नाही, तो या कामाचा आशय आहे.

या आकड्याची सुरुवात उशिरा झाली. वडील फ्रेडरिक नॉर्थ हे हेस्टिंग्जचे खासदार होते. आई १८५५ मध्ये गेली आणि त्यानंतर मुलगी वडिलांची सोबतीण झाली. दोघांनी मिळून युरोप, तुर्कस्तान, इजिप्त पालथं घातलं. लहानपणापासून गाण्याचं वेड होतं. चित्रं नंतर आली, तीही आधी जलरंगांत. १८६७च्या सुमारास रॉबर्ट डाउलिंग नावाच्या ऑस्ट्रेलियन चित्रकाराकडून त्या तैलरंग शिकल्या आणि मग ते व्यसनच लागलं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. क्यूचे त्या वेळचे संचालक सर विल्यम हूकर यांनी एकदा त्यांच्या हातात अ‍ॅम्हर्स्टियाच्या फुलांचा घोस ठेवला होता. इंग्लंडात फुललेल्या अगदी पहिल्या घोसांपैकी तो एक. ब्रह्मदेशातलं हे लालभडक, झुंबरासारखं लोंबणारं फूल पाहून आपल्याला उष्ण प्रदेशात जायचंच आहे, हे त्यांच्या मनात बसलं. १८६९ मध्ये वडील गेले. बाई ३९ वर्षांच्या, अविवाहित, हातात वारशाचे पैसे, आणि परवानगी विचारावी असं कोणी उरलेलं नाही.

१८७१ मध्ये त्या निघाल्या. अमेरिका, कॅनडा, त्याच वर्षीच्या नाताळात जमैका. मग ब्राझील, तेनेरीफ, कॅलिफोर्निया, जपान, सारावाक, जावा, सिलोन, भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, सेशेल्स आणि शेवटी १८८४-८५ मध्ये चिली. ही यादी विमानाच्या काळातली वाटते, पण प्रवास बोट, बैलगाडी, घोडा, खेचर आणि पालखी यांतून झाला आहे. हिशेबाला १४ वर्षं धरली तर वर्षाला सरासरी ५९ चित्रं पडतात, म्हणजे आठवड्याला एकाहून जास्त. आणि हे नुसतं गॅलरीत लागलेल्यांचं गणित. समुद्रावर गेलेले महिने, इंग्लंडातल्या मुक्कामातलं सामाजिक कंटाळवाणेपण (ते त्यांना अजिबात सोसत नसे), ताप, संधिवात, वाढता बहिरेपणा, सगळं त्यातच धरलेलं आहे.

जमैकातला त्यांचा दिवस असा असे : उजाडताच बाहेर पडायचं, दुपारपर्यंत झाडापुढे बसून रंगवायचं, दुपारी पाऊस आला की घरात येऊन आणलेल्या फांद्या रंगवायच्या, पाऊस उघडला की अंधार पडेपर्यंत पुन्हा भटकायचं. कागदावर शाईने थोडक्यात रेखाटन, त्यावर थेट तैलरंग. तैलरंग वाळायला दिवस लागतात, पावसाळी हवेत तर आणखीच. आणि मुक्काम हलवायचा तर ओली चित्रं सांभाळून न्यायची. आठवड्याला एक चित्र हा आकडा एसी स्टुडिओतला नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आता कागदावर काय उतरवायचं होतं ते पाहू. कॅलिफोर्नियातला महावृक्ष सिक्वोया. आज हयात असलेल्यांतला सगळ्यात मोठा, ‘जनरल शर्मन’, पावणेतीनशे फूट उंच आहे आणि बुंध्याचा जमिनीलगतचा घेर शंभर फुटांच्या आसपास. एवढं झाड दीड फुटाच्या कागदावर उभं मावायचं तर मूळ आकार १८० पट लहान करावा लागतो. त्या मापात माणूस होतो एका सेंटिमीटरचा. नॉर्थबाईंनी या झाडांच्या पायथ्याशी बसून ती रंगवली आणि त्याच जंगलांत कुऱ्हाडी चाललेल्या पाहून संतापल्याही. त्यांचा संताप रास्त होता. तिथल्याच किनाऱ्यालगतच्या रेडवुड या दुसऱ्या महावृक्षाच्या मूळ जंगलापैकी आज जेमतेम पाच टक्के उरलं आहे.

सिलोनमध्ये त्यांनी श्रीताड रंगवला. आपल्या पोथ्यांची ताडपत्रं ज्याच्या पानांतून निघत, तोच हा ताड. एक पान पाच मीटरपर्यंत रुंद होतं. तीस ते ऐंशी वर्षं हे झाड नुसतं वाढत राहतं, फुलत नाही. मग एकदाच शेंड्यातून सहा ते आठ मीटर उंचीचा पिवळसर तुरा काढतं. वनस्पतिसृष्टीत याहून मोठा फुलोरा नाही आणि त्यातली फुलं दशलक्षांत मोजावी लागतात. फळं धरली की झाड मरतं. म्हणजे एखाद्या चित्रकाराला श्रीताड फुललेला पाहायचा असेल, तर माणसाच्या एका आयुष्याएवढ्या मुदतीतला नेमका तो हंगाम गाठावा लागतो. फुलांचं राहू द्या, त्या तुऱ्याची नुसती फांदीन् फांदी रंगवायची म्हटली तरी महिने जातील. नॉर्थबाईंनी ब्रशच्या तुटक फटकाऱ्यांनी तुरा उठवला आणि उरलेलं पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलं. हा शहाणपणा होता. पाकळ्या मोजत बसल्या असत्या तर चौदा वर्षांत चौदा चित्रं झाली असती.

सेशेल्समध्ये १८८३ मध्ये त्यांनी दर्याचा नारळ रंगवला. कोकणच्या किनाऱ्याला वाहत येऊन लागलेली ही जोडनारळाची कवटी साधू-फकिरांच्या हातात कमंडलू म्हणून शतकानुशतकं फिरत आली, पण तिचं झाड कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. समुद्राच्या तळाशी असेल, अशी समजूत होती. झाड प्रत्यक्षात प्रालँ आणि आणखी एका बेटापुरतं आहे. त्याची बी वनस्पतिसृष्टीतली सर्वांत मोठी, १७-१८ किलोपर्यंत भरणारी, आणि फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. नर झाड वेगळं, मादी वेगळं. नॉर्थबाईंनी दोन्ही रंगवली. परतताना देवीच्या साथीच्या संशयावरून त्यांना तिथल्याच एका बेटावर विलगीकरणात अडकवून ठेवलं होतं, तिथेही ब्रश थांबला नाही.

चित्रं वाढली तशी ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. १८७७ मध्ये दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाचशेच्या आसपास चित्रं लागली. १८७९ मध्ये लंडनच्या कॉन्ड्युइट स्ट्रीटवर खोली भाड्याने घेऊन त्यांनी प्रदर्शन भरवलं, प्रवेश एक शिलिंग. एका वृत्तपत्राने लिहिलं, ही चित्रं क्यूमध्येच हवीत. ऑगस्टमध्ये श्रूझबरी स्टेशनवर गाडी चुकली. बाई पुढच्या गाडीची वाट पाहत बसल्या आणि तिथेच त्यांनी क्यूचे संचालक सर जोसेफ हूकर यांना पत्र लिहिलं (विल्यम हूकर यांचे हे चिरंजीव) : चित्रं देते, इमारतही माझ्या खर्चाने बांधते, जागा द्या. सरकारला एक पैसा न मागता कोणी संग्रहालय बांधून देत असेल तर नाही कशाला म्हणायचं? हूकर हो म्हणाले.

एका गोष्टीला मात्र ते तयार झाले नाहीत. दमून आलेल्या माणसांना इथे चहा-कॉफी मिळावी, अशी नॉर्थबाईंची इच्छा होती. हूकर यांचा हिशेब असा की सुटीच्या दिवशी एका वेळी ७७ हजार माणसं बागेत असू शकतात. त्यांना चहा कोण पाजणार आणि आवरणार कोण? नॉर्थबाईंनी वाद घातला नाही. दारांच्या वर त्यांनी चहाचं आणि कॉफीचं झाड रंगवून टाकलं. गॅलरीत चहा-कॉफी आजही आहे ती तेवढीच.

इमारतीचा आराखडा जेम्स फर्ग्युसन यांचा. हे नाव मराठी वाचकाला अजिंठा-वेरुळच्या संदर्भात भेटलेलं असतं. निळीच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात आलेला हा स्कॉटिश गृहस्थ लेणी पाहत हिंडला. १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी लेण्यांवर निबंध वाचला, दोन वर्षांनी सचित्र ग्रंथ काढला. त्या निबंधातून झालेल्या खटपटीनंतरच ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिलला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला धाडलं. जेम्स बर्जेस यांच्यासह लिहिलेला लेण्यांवरचा फर्ग्युसनचा मोठा ग्रंथ आला १८८० मध्ये, म्हणजे क्यूची ही इमारत उभी राहत होती त्याच सुमारास. ग्रीक देवळांत उजेड वरच्या खिडक्यांतून येत असावा, हा फर्ग्युसनचा आवडता सिद्धांत. तो इथे त्यांनी प्रत्यक्षात आणला : खिडक्या सगळ्या वर, खालच्या भिंती पूर्ण मोकळ्या, म्हणजे चित्रांना पूर्ण मोकळ्या. छतापर्यंत रंगवलेल्या भिंतींची त्यांना धास्ती वाटण्याचं कारण नव्हतं. अजिंठ्याच्या विहारांत त्यांनी तरुणपणीच तशा पाहिल्या होत्या.

गॅलरी १८८२च्या उन्हाळ्यात उघडली तेव्हा ६२७ चित्रं होती. लावण्याचं काम बाईंनी स्वतः केलं, त्यात वर्ष गेलं. चित्रांच्या खालचा कंबरेपर्यंतचा भाग रिकामा राहत होता. तिथे त्यांनी प्रवासात गोळा केलेल्या लाकडांच्या फळ्या उभ्या बसवल्या. २४६ जातींचं लाकूड, एकाला एक लागून. चित्रांची यादी क्यूतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बॉटिंग हेम्स्ली यांनी केली. झाडं ओळखणं, नावं लावणं, ती कुठली ते सांगणं, हे खरं तर दुसरं तेवढंच मोठं काम. त्यांची मोजणी भरली ७२७ प्रजाती आणि सुमारे ९०० जाती. नंतर आफ्रिका, सेशेल्स आणि चिलीची चित्रं आली, इमारतीला खोली जोडावी लागली, सगळं पुन्हा हलवून लावावं लागलं आणि आकडा ८३२ वर स्थिरावला. यात ऑस्ट्रेलिया डार्विनमुळे आला, हेही सांगायला हवं. १८८० मध्ये त्यांनी बाईंना सांगितलं की ऑस्ट्रेलियातली झाडं जगात इतर कुठल्याच झाडांसारखी नाहीत. ती पाहिल्याशिवाय जगाच्या वनस्पती रंगवल्या म्हणू नका. बाई त्याच वर्षी निघाल्या. १८८१ मध्ये परतून त्यांनी चित्रं डार्विनना घरी नेऊन दाखवली. गॅलरी उघडली तेव्हा डार्विन हयात नव्हते. एप्रिलमध्येच ते गेले होते.

भारताचा आकडा वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. १८७७च्या अखेरीस त्या दक्षिणेत उतरल्या आणि सुमारे सव्वा वर्ष तुतिकोरिनपासून हिमालयापर्यंत फिरल्या. या काळातली चित्रं दोनशेहून अधिक, म्हणजे दर दोन-अडीच दिवसांना एक. मदुरा, ताजमहाल, कांचनगंगा आणि कमळंसुद्धा. तंजावरला न्यायाधीश असलेले संस्कृतचे जाणकार आर्थर बर्नेल यांच्याशी त्यांचं जमलं; हिंदूंच्या पवित्र वनस्पतींवर दोघांनी मिळून पुस्तक करायचं घाटत होतं. बर्नेल १८८२ मध्ये वारले आणि ते राहिलं.

पण १८७७ हे साल आपल्याकडे फुलांसाठी आठवलं जात नाही. १८७६ ते ७८चा दुष्काळ मद्रास आणि मुंबई इलाख्यांवर पडलेला होता. दख्खन करपली होती. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मुलखातल्या मृत्यूंचा अंदाज ५५ लाखांचा आहे, आणि त्याहून मोठे अंदाजही आहेत. गॅलरीतल्या भारताच्या भिंतीवर देवळं आहेत, हिमशिखरं आहेत, तळी आहेत. दुष्काळ तिथे शोधावा लागतो. ८३२ चित्रांचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवायचं कारण नाही. बाई एकट्या फिरल्या म्हणतात ते इंग्रज साहेबांच्या शिफारसपत्रांवर, गव्हर्नरांच्या आणि मळेवाल्यांच्या घरी उतरून. सामान वाहणारे, फांद्या तोडून आणणारे, घोडा धरून उभे राहणारे यांची मोजणी कुठल्याच यादीत नाही. ब्राझीलमध्ये त्या ज्या सोन्याच्या खाणीवर महिनोन् महिने राहिल्या, तिथे गुलाम राबत होते. तिकडे गुलामगिरी उठली १८८८ मध्ये.

आता एक दुसरी बाई पाहू. मटिल्डा स्मिथ. जन्म १८५४, मुंबई. तान्ही असतानाच इंग्लंडला गेली, त्यामुळे मुंबईने तिला काही दिलं असा दावा करता येणार नाही. जोसेफ हूकर हे नात्यातले. १७८७ पासून निघणाऱ्या ‘कर्टिस बॉटॅनिकल मॅगझिन’ची चित्रं वॉल्टर हूड फिच काढत. हे गृहस्थही आकड्यांच्या बाबतीत अचाटच, आयुष्यभरात दहा हजारांच्या जवळपास चित्रं छापून आलेली. १८७७ मध्ये पैशांवरून हूकरशी बिनसलं आणि त्यांनी काम सोडलं. हूकरनी घरातल्याच मुलीला शिकवून तयार केलं. १८७८ ते १९२३, पंचेचाळीस वर्षं, मटिल्डाबाई त्या मासिकासाठी चित्रं काढत राहिल्या. संख्या : २३०० हून अधिक. वर्षाला ५१, म्हणजे जवळजवळ नॉर्थबाईंचाच वेग, पण तिप्पट काळ. शिवाय ‘आयकोनेस प्लँटारम’ या दुसऱ्या ग्रंथमालेसाठी १५०० हून अधिक. दोन्ही मिळून वर्षाला ८४ पडतात.

त्यांच्यापुढे बहुतेक वेळा जंगल नसे. टेबलावर एक कुंडी, नाहीतर हर्बेरियममधून आलेला, कागदावर चिकटवून सपाट आणि तपकिरी झालेला एखादा नमुना. तो भिजवून, पाकळ्या उलगडून, मूळचा आकार कसा असेल ते ओळखून काढायचं. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चित्र शिळेवर जाई, छापलं जाई, आणि मग प्रत्येक अंकाच्या प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक चित्र हाताने रंगवलं जाई. ही पद्धत १९४८ पर्यंत चालू होती. १८९८ मध्ये क्यूने त्यांना अधिकृत चित्रकार म्हणून नेमलं, असं पद मिळालेल्या त्या पहिल्या. नॉर्थबाईंच्या नावाची इमारत आहे. स्मिथबाईंचं नाव चित्राच्या खालच्या कोपऱ्यात असतं, वाचायला भिंग घ्यावं लागेल इतकं बारीक. कोणाची चित्रं सरस, या वादात मी पडत नाही. शास्त्राला स्मिथबाईंचा उपयोग जास्त झाला, हे उघड आहे. पण इमारत बांधायला पैसे लागतात, आणि पगारावर चित्रं काढणाऱ्याला भिंत मिळत नाही.

कोपऱ्यातल्या बारीक नावाचंही भाग्य नसलेली माणसं आहेत, आणि त्यातलं एक अगदी पुण्याजवळचं. दापोडीला, तेव्हाच्या दापुरीला, मुंबई सरकारची वनस्पती बाग होती; डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून तिथली झाडं रंगवून घेतली. सुमारे १७० जलरंगचित्रं आज एडिंबराच्या बागेत जपून ठेवलेली आहेत, रेषा इतकी नेटकी की पाहत राहावं. चित्रकाराची ओळख ‘पोर्तुगीज’ एवढीच मिळते. बहुधा गोव्याकडचा असावा. नॉर्थबाईंनी तैलरंगाची नळी हातात घेण्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट.

एवढं सगळं मांडल्यावर पृथ्वीचा आकडा शेजारी ठेवायचा मोह होतो. जगात आज नोंदलेल्या वाहिनीवंत वनस्पतींच्या जाती साडेतीन लाखांच्या आसपास आहेत. नॉर्थबाईंच्या ९०० म्हणजे हजारात अडीच. त्याच वेगाने सगळ्या रंगवायच्या म्हटल्या तर ५४०० वर्षं लागतील. मोहेंजोदडो वसायच्या आधी सुरुवात केली असती तर आता कुठे काम संपत आलं असतं. क्यूच्या हर्बेरियममध्ये वाळवलेले नमुने आहेत ७० लाखांहून अधिक, म्हणजे गॅलरीतल्या प्रत्येक चित्रामागे आठ हजारांवर. या मापाने पाहिलं तर ८३२ हा आकडा खिजगणतीत नाही.

पण चित्रात जे होतं ते कधी कधी ७० लाखांत नव्हतं. १८७६ मध्ये बोर्निओतल्या सारावाकमध्ये नॉर्थबाईंपुढे एक घटपर्णी आणून ठेवली गेली, चुनखडीच्या डोंगरातली. चित्रात तिचे घट फुटभर लांबीचे, हिरवट पिवळ्यावर गडद तांबड्या डागांचे. तोंडाभोवतीची कड रुंद, पट्टेदार आणि बाहेर वळलेली, झाकण तिरपं. लंडनचे रोपवाटिकावाले व्हीच यांनी हे चित्र पाहिलं. असली घटपर्णी त्यांच्याकडे नव्हती, कुणाकडेच नव्हती. त्यांनी माणूस बोर्निओला धाडला, त्याने ती शोधून आणली आणि १८८१ मध्ये हूकरनी नाव दिलं नेपेन्थेस नॉर्थियाना. सेशेल्सच्या एका झाडाची तर अख्खी प्रजाती, नॉर्थिया, त्यांच्या नावाने झाली. दक्षिण आफ्रिकेतला एक निफोफिया, एक क्रायनम, बोर्निओतला एक ताडवर्गी, असं नावांचं बिऱ्हाड वाढत गेलं. सरकारी सन्मान स्त्रियांना देण्याची तेव्हा पद्धतच नव्हती. १८८४ मध्ये व्हिक्टोरिया राणीने नॉर्थबाईंना सहीचा फोटो पाठवून भागवलं. रॉयल सोसायटीत स्त्रिया घ्यायला १९४५ उजाडलं.

गॅलरीत सारावाकच्याच आणखी एका चित्रात निळ्या फळांचं एक झुडूप आहे. हजारो माणसं त्याच्यासमोरून गेली, वनस्पतिशास्त्रज्ञही गेले, पण त्याचं नाव लागत नव्हतं. क्यूतल्या एका चित्रकाराला ते खटकलं, हर्बेरियम धुंडाळल्यावर जुळणारा नमुना सापडला आणि २०२१ मध्ये ती नवी जात म्हणून प्रसिद्ध झाली : चॅसॅलिया नॉर्थियाना. चित्र काढल्याला तेव्हा १४५ वर्षं झाली होती. जगभरात आता दर वर्षी दोन हजारांच्या आसपास नव्या वनस्पतींना नावं मिळतात, नॉर्थबाईंच्या चौदा वर्षांच्या दुपटीहून जास्त. त्यातल्या आणखी काही त्या भिंतीवर आधीपासूनच टांगलेल्या नसतील, असं छातीठोक सांगायला हेम्स्लीसुद्धा धजले नसते.